जागर आणि विषाद

तुळजापूरची भवानी वर्षांतून तीन वेळां निद्रा घेते, ही गोष्ट मराठवाड्याबाहेरच्या पुष्कळांस ठाऊक नसते. शारदीय नवरात्रापूर्वीं भाद्रपद वद्य पक्षांत तिची घोर निद्रा असते; दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत ती श्रमनिद्रा घेते; आणि शाकंभरी नवरात्राच्या आधीं तिची मोहनिद्रा होते. देवीची मूर्ति चल असल्यानें ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजविली जाते, आणि निद्रेचे दिवस सरले कीं पुनः सिंहासनावर बसविली जाते. महिषासुराशीं झुंजलेल्या जगदंबेलाहि श्रमानंतर झोंप हवी, हें ज्या लोकांनीं ठरविलें, त्यांना देहमनाचें एक मोठें रहस्य उमगलें होतें असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्याच धाराशिव जिल्ह्यांत, तुळजापुराहून बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, येरमाळ्याच्या येडेश्वरीपासून जवळच तेरखेडा हें गांव आहे. गांवाची ख्याति फटाक्यांच्या कारखान्यांची. दूरच्या शहरांतील दिवाळीच्या रात्री ज्या आवाजानें दणाणतात, तो आवाज येथें कागदांत गुंडाळला जातो. बाकीचा संसार पावसाच्या भरंवशावरील शेतीचा. अशा गांवाला रात्रीचे दोन अर्थ चांगले माहीत असतात. एक रात्र गोंधळाची. संबळ वाजतो, पोत पेटतो, कथा रंगते. उजाडेपर्यंत कोणाला झोंपेची आठवण होत नाहीं, आणि सकाळीं अंग थकलेलें असूनहि मन हलकें असतें. दुसरी रात्र एकट्याची. घर निजलेलें असतें आणि एक जण आढ्याकडे पाहत पडलेला असतो. तीन वाजतां जाग येते ती पुनः डोळा लागूं देत नाहीं, आणि दिवस उजाडतो तो छातीवरचें ओझें घेऊनच. ह्या दोन रात्रींचा एकमेकींशीं संबंध काय, आणि खिन्नतेच्या विकारांत निद्रानाश हें कारण कीं कार्य, हा प्रश्न वैद्यकाला फार प्राचीन काळापासून छळत आला आहे. त्याच्या उत्तराचा इतिहास सरळ नाहीं. त्यांत भ्रम आहेत, उलटसुलट वळणें आहेत, आणि एक असें कोडें आहे कीं जें ऐकून प्रथम कोणाचाहि विश्वास बसूं नये.

आयुर्वेदानें ह्या विषयाचा पाया फार लौकर घातला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. त्याच सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत सुख आणि दुःख, पुष्टि आणि कृशता, बळ आणि दौर्बल्य, इतकेंच नव्हे तर ज्ञान आणि अज्ञान हींहि निद्रेच्या अधीन आहेत असें सांगितलें आहे. झोंप न येण्याचीं कारणें देतांना ग्रंथकारानें कामाचा ताण, वय, रोग, जन्मजात प्रकृति आणि वाताचा प्रकोप हीं मोजलीं. आणि उपाय सांगतांना तेलाचें मर्दन, स्नान, दूध, मनाला रुचणारे गंध व आवाज आणि सुखाची शय्या हे सांगितले. दुसऱ्या एका ठिकाणीं, रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला त्यानें अग्रस्थान दिलें आहे. हीं दोन्ही विधानें शेजारीं ठेवलीं म्हणजे दिसतें तें असें: दुःखाचा धागा झोंपेशीं आणि रोगाचा धागा विषादाशीं जुळलेला आहे, हें त्या वैद्यांनीं पाहिलें होतें.

गीतेच्या आरंभींहि एक लक्षणीय योगायोग आढळतो. अर्जुनाला तेथें गुडाकेश म्हटलें आहे, आणि टीकाकारांनीं त्या नांवाचा अर्थ निद्रेला जिंकणारा असा केला आहे. निद्रा जिंकणारा हा वीर थोड्याच श्लोकांनंतर हातपाय गळून रथांत बसतो, आणि त्या अध्यायाचें नांवच विषादयोग पडतें. गीता हें वैद्यकाचें पुस्तक नव्हे. तरी निद्रेवरील विजय म्हणजे मनावरील विजय नव्हे, एवढा बोध त्यांतून कोणीहि घ्यावा.

पुढच्या काळांत मात्र मराठी मनावर निद्रेविषयीं दुसराच संस्कार झाला. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या अठराव्या दशकांत निद्रानिरूपणाचा एक स्वतंत्र समास लिहिला आहे. झोंपेनें घेरलेल्या माणसांचें त्यांतील चित्र मोठें विनोदी आहे. साधकानें आळस टाकावा, ह्या हेतूनें तें लिहिलें गेलें, आणि त्या हेतूला तें शोभतेंहि. परंतु घरोघर ह्याच विचाराचें एक ढोबळ रूप रुजलें: लौकर उठेल तो सद्गुणी, पडून राहील तो आळशी. खिन्नतेच्या रोगांत बहुतेकांची झोंप उडते. पण कांहीं जणांची, विशेषतः तरुणांची, ती उलट वाढते, आणि दहा तास निजूनहि त्यांना विश्रांति लाभत नाहीं. अशा रोग्याला घरचे लोक दोन्हीकडून बोल लावतात. जागला तर उगाच काळजी करतो म्हणून, आणि निजला तर कामचुकार म्हणून. रोगाचें लक्षण स्वभावाच्या खात्यांत जमा होतें, आणि उपचाराची वेळ निघून जाते.

युरोपांतहि विचार असाच चांचपडत चालला होता. १६२१ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट बर्टन ह्यानें विषादरोगावर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत जागरण हें ह्या रोगाचें कारणहि मानलें आहे आणि लक्षणहि. १८१८ सालीं जर्मनींत हाइनरोट ह्यानें मानसरोगांवरील आपल्या ग्रंथांत निद्रानाशाचा विचार करतांना देह आणि मन ह्यांना जोडणारा एक नवा शब्द वापरला. मनोदैहिक विकार हा आजचा शब्द त्याचाच वंशज होय. परंतु एकोणिसावें शतक हें विचारापेक्षां औषधांचें होतें. ब्रोमाइडें आलीं, १८६९ सालीं लीब्राइख ह्यानें क्लोरल हायड्रेटचा गुण दाखविला, विसाव्या शतकाच्या आरंभीं बार्बिट्युरेट वर्गाचीं औषधें आलीं. माणसाला हुकमी झोंप आणणें प्रथमच शक्य झालें. मात्र ह्या औषधांच्या झोंपेनें विषाद गेला नाहीं. रोगी निजत, पण उठत ते पूर्वींसारखेच उदास. आणि कित्येकांना औषधाचें व्यसन जडे, तें निराळेंच.

ह्या कथेंत मुंबईचाहि एक अध्याय आहे. सर्पगंधेचें मूळ उत्तर हिंदुस्थानांत वेडावर आणि झोंपेसाठीं दिलें जात असे. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं त्याचे रक्तदाबावरील व उन्मादावरील गुण लिहून प्रसिद्ध केले. पुढें मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉक्टर रुस्तुम जाल वकील ह्यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांवर त्याचा पद्धतशीर प्रयोग केला, आणि १९४९ सालीं त्यांचा लेख ब्रिटिश हृदयविज्ञानाच्या मासिकांत आला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील रसायनज्ञांनीं त्या मुळांतून रेसर्पिन वेगळें काढलें. शांति आणि झोंप देणारें हें औषध जगभर गेलें. आणि मग डॉक्टरांच्या लक्षांत आलें कीं तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांना गाढ खिन्नतेनें घेरलें आहे. तो संबंध किती थेट, ह्याविषयीं पुढें बराच वाद झाला. तथापि त्या निरीक्षणानें मेंदूंतील रसायनें आणि मनाची कळा ह्यांचा शोध जोरानें सुरू झाला. देहाला शांतवील तें मनालाहि फुलवील, ही सोयीची समजूत तेव्हांपासून डळमळली.

दुसरें मोठें वळण झोंपेच्याच अभ्यासानें दिलें. १९५३ सालीं शिकागो येथें असेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्यांनीं दाखविलें कीं झोंप ही एकसारखी नसते. रात्रींतून चार-पांच वेळां मिटल्या पापण्यांखालीं बुबुळें वेगानें हलूं लागतात, आणि स्वप्नें मुख्यतः त्याच वेळीं पडतात. निरोगी मनुष्यांत ही अवस्था डोळा लागल्यानंतर साधारणपणें दीड तासानें प्रथम येते. पिट्सबर्गच्या डेव्हिड कुप्फर ह्यांनीं १९७६ सालीं असें मांडलें कीं खिन्नतेच्या पुष्कळ रोग्यांत ती ह्याहून बरीच लौकर येते. गाढ झोंपेचा भागहि त्यांत पुष्कळदां कमी आढळतो. पहांटेच्या आधींच जाग येणें, सकाळीं मन अत्यंत जड असणें आणि दिवस कलतां कलतां तें थोडें हलकें होणें, हीं जीं लक्षणें जुन्या वैद्यांनीं नुसत्या डोळ्यांनीं टिपलीं होतीं, त्यांना आतां यंत्राची साक्ष मिळाली.

आणि येथेंच तें कोडें येतें. विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत जर्मनींतील ट्युबिंगेन येथले मानसरोगतज्ज्ञ वाल्टर शुल्टे ह्यांना शिक्षकी पेशांतील एका रोग्याची हकीकत कळली: विषाद असह्य झाला कीं ती व्यक्ति रात्रभर सायकल चालवीत राही, आणि सकाळीं मन मोकळें होई. झोंप न मिळाल्यानें जो रोग वाढावा तो मुद्दाम जागल्यानें उतरावा, हें विपरीतच. परंतु १९७१ सालीं फ्लुग आणि ट्योले ह्यांनीं रुग्णालयांत हा प्रयोग पद्धतशीर केला आणि तो खरा ठरला. १९९० सालीं वू आणि बनी ह्यांनीं सतराशेंहून अधिक रोग्यांवरील अनुभव एकत्र केला. एका संपूर्ण जागरणानें निम्म्याहून अधिक रोग्यांना दुसऱ्या दिवशीं स्पष्ट आराम वाटला होता. महिने घेणाऱ्या रोगावर एका रात्रींत उतार पडावा, ही गोष्ट त्या काळच्या कोणत्याहि औषधाला साधलेली नव्हती.

पण हा आराम विकत मिळालेला नव्हता, उसना घेतलेला होता. औषध न घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ८३ जण पुढच्या झोंपेनंतर पुनः पहिल्या ठिकाणीं आले. औषध चालू असलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ५९ होतें. कित्येकांना तर दुपारची छोटीशी डुलकीहि पुरली. शिवाय ज्यांच्या रोगांत खिन्नता आणि उन्माद आळीपाळीनें येतात, त्यांत एका जागरणानें उन्मादाचा भडका उडूं शकतो. अमेरिकेंतील थॉमस वेर ह्यांनीं १९८७ सालीं हा धोका स्पष्ट दाखविला. म्हणून हा उपाय रुग्णालयांत, जाणत्या डॉक्टराच्या देखरेखीखालीं आणि प्रकाश व औषधें ह्यांची जोड देऊनच करावयाचा असतो. घरच्या घरीं करून पाहण्याचा तो प्रयोग नव्हे.

मग जागरणाचे हे दोन चेहरे कसे? झुरिचच्या अलेक्झांडर बोर्बेली ह्यांनीं १९८२ सालीं मांडलेल्या विचारानें ह्यावर कांहीं प्रकाश पडतो. झोंपेवर दोन सत्ता चालतात. एक जागेपणाबरोबर सांचत जाणारा झोंपेचा भार. हौदांत पाणी चढावें तसा तो दिवसभर चढतो आणि रात्रीं उतरतो. दुसरी शरीरांतील घड्याळाची, जिला सूर्यप्रकाश लावून देतो. बोर्बेली आणि वर्झ-जस्टिस ह्यांनीं असा तर्क केला कीं खिन्न मनुष्यांत हा हौद पुरेसा भरतच नाहीं. एक रात्र पूर्ण जागल्यानें तो एकदांचा भरतो, म्हणून दुसरा दिवस बरा जातो. रोज तीन-चार तास तुटक झोंप मिळणाऱ्याचें तसें होत नाहीं. त्याला ना पूर्ण जागेपण मिळतें, ना पूर्ण झोंप. आणि घड्याळहि हळूहळू बिघडतें. हा तर्क अद्याप सर्वस्वीं सिद्ध झालेला नाहीं. तरी एका रात्रीचा जागर आणि महिनोगणतीचा निद्रानाश ह्या दोन भिन्न जातीच्या गोष्टी आहेत, एवढें त्यानें समजूं लागतें.

कारण कीं कार्य, ह्या प्रश्नाचाहि निकाल ह्याच सुमारास अनपेक्षित रीतीनें लागूं लागला. पूर्वीं सर्वसाधारण समजूत अशी कीं मूळ रोग दुःखाचा, झोंप ही त्याची शेपटी. दुःख गेलें कीं झोंप येईल. १९८९ सालीं अमेरिकेंत फोर्ड आणि कॅमेरो ह्यांनीं ७९५४ लोकांची एका वर्षाच्या अंतरानें दोनदां विचारपूस प्रसिद्ध केली. दोन्ही वेळां ज्यांना झोंपेची तक्रार होती, त्यांना नव्यानें खिन्नतेचा रोग जडण्याचा संभव इतरांहून कितीतरी अधिक दिसला. २०११ सालीं बाल्योनी आणि तिच्या सहकाऱ्यांनीं अशा २१ पाहण्यांचा मेळ घातला. पूर्वीं खिन्नता नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या माणसांत पुढें ती येण्याचा धोका सुमारें दुप्पट निघाला. झोंप उडणें हें पुष्कळदां आधीं येतें, दुःख मागून.

तेव्हां झोंप सुधारली तर दुःख टळेल काय? येथेंहि इतिहास एका सुरांत बोलत नाहीं. २००८ सालीं रेचेल मॅन्बर ह्यांनीं ३० रोग्यांपैकीं कांहींना औषधाबरोबर झोंपेची शिस्तहि शिकविली. उठण्याची वेळ एक ठेवणें, झोंप येत नसतां अंथरुणांत न लोळणें, अंथरूण काळजीचें ठाणें होऊं न देणें, अशी ती शिस्त. तिचा लाभ झालेल्यांत बरे होणारे शेंकडा ६१, आणि तो न झालेल्यांत शेंकडा ३३ निघाले. पुढें १५० रोग्यांवर हाच प्रयोग झाला तेव्हां झोंप सुधारली, पण खिन्नता बरी होण्यांत दोन गटांत निश्चित फरक दिसला नाहीं. अर्थ इतकाच कीं झोंप हा विषादाच्या घराचा एक दरवाजा आहे. सारें घर नव्हे.

धाराशिव जिल्ह्याला हा दरवाजा फार कठोरपणें ओळखावा लागला. १९९३ सालीं गणपतीविसर्जनाचा दिवस आटोपून लोक निजले होते. ३० सप्टेंबरच्या पहांटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं भूमि हादरली, आणि लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत सुमारें आठ हजार माणसें दगडमातीच्या जाड भिंतींखालीं गेलीं. बहुतेकांना मरण झोंपेंत आलें. जे वांचले त्यांच्यापुढें प्रश्न नुसता घराचा नव्हता. छपराखालीं डोळे मिटण्याचा होता. झोंप हीच ज्यांना धोक्याची जागा वाटूं लागली, त्यांच्या मनाचा विचार करावयास पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेची आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची माणसें तेथें गेलीं. महाराष्ट्रांत आपत्तीनंतर अन्नवस्त्राबरोबर मनाचीहि विचारपूस झाली, त्याचें हें एक ठळक उदाहरण होय.

भूकंप एका रात्रींत झाला. दुष्काळ आणि कर्ज वर्षानुवर्षें चालतात. शेतीच्या पंपांना वीज पाळीपाळीनें मिळत असल्यामुळें कित्येक आठवडे शेतकऱ्यानें रात्रीं दारें धरावयाचीं, आणि दिवसाहि काम चुकवावयाचें नाहीं, असा क्रम मराठवाड्यांत नित्याचा झाला. शेतीला दिवसा वीज द्यावी म्हणून राज्य सरकारनें २०१७ सालीं सौर कृषि वाहिनी योजना काढली, तिच्या मुळाशीं हीच अडचण होती. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं ग्रासलेल्या जिल्ह्यांसाठीं २०१५ सालीं आरोग्य खात्यानें प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्यांत हा जिल्हा होता. गांवची आशा कार्यकर्ती घरोघर जाऊन कोणाचें मन खचलें आहे काय हें विचारूं लागली.

हा प्रश्न विचारणें सोपें नाहीं. उदास आहां काय, असें विचारलें तर घरचा कर्ता पुरुष नाहीं म्हणून मोकळा होतो. मनाचें दुखणें कबूल करण्यांत त्याला कमीपणा वाटतो. झोंप लागते काय, असें विचारलें तर मात्र तो खरें सांगतो. झोंपेच्या तक्रारीला लाज चिकटलेली नाहीं. विषाद पारखण्यासाठीं जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या यादींत एक झोंपेचा आहे, आणि कित्येकदां बोलणें तेथूनच वाहतें होतें. विक्रम पटेल ह्यांच्या पुढाकारानें १९९६ सालीं गोव्यांत स्थापन झालेल्या संगाथ ह्या संस्थेनें दाखविलें कीं थोडें शिक्षण मिळालेली साधी माणसेंहि विषादाच्या रोग्याला बोलतें करून बरें होण्यास मदत करूं शकतात. त्याच धर्तीवर विदर्भांत अमरावती जिल्ह्याच्या ३० गांवांत विश्राम नांवाचें काम झालें. तेथें दीड वर्षांत, खिन्नतेनें पीडितांपैकीं मदत मिळविणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ४ वरून शेंकडा २७ पर्यंत चढलें. कामाला नांव विश्राम मिळावें, हेंहि अर्थपूर्णच. २०२२ सालच्या १० ऑक्टोबरपासून टेलिमानस ही सरकारी दूरध्वनि-सेवाहि १४४१६ ह्या क्रमांकावर सुरू झाली. तेथें मराठींत बोलतां येतें.

ह्या सर्व इतिहासाचें सार शहरांतील घरांनाहि लागू आहे, कारण विषादाला गांवाची वेस नसते. घरांतील कोणी दोन-तीन आठवडे पहांटेच्या आधीं जागा होऊन बसत असेल, सकाळीं त्याचें मन उठत नसेल, पूर्वीं आवडणाऱ्या गोष्टींत त्याचा जीव रमत नसेल, तर तो आळस नव्हे आणि नुसती काळजीहि नव्हे. त्याला झोंपेची गोळी आणून देणें हाहि पुरता उपाय नव्हे. क्लोरलच्या काळापासून तो धडा मिळालेला आहे. झोंपेची चौकशी करावी, मनाची करावी, आणि वेळेवर डॉक्टराकडे न्यावें. जगण्याचा कंटाळा तो बोलून दाखवील, तर एक दिवसाचाहि विलंब करूं नये.

आश्विन पौर्णिमेस तुळजाभवानी श्रमनिद्रा संपवून पुनः सिंहासनावर बसते. त्याच रात्रीं घरोघर कोजागरीचा जागर होतो, दूध आटतें, आणि कोण जागें आहे असें लक्ष्मी विचारीत फिरते अशी श्रद्धा आहे. तेरखेड्यांत असो वा मुंबईपुण्यांत, त्या चांदण्यांत आनंदानें जागणारे पुष्कळ असतात. एखाद्या अंधाऱ्या खोलींत मात्र एक जण निरुपायानें जागा असतो. आणि कोण जागें आहे, हा प्रश्न त्याला विचारणें देवीवर नव्हे, घरच्या माणसांवरच सोंपविलेलें असतें.